दोरीवर धुणं पडलं का?

दोष बोर्डे सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी 'बिचारे' वगैरे म्हणायला नको. आमच्या हेल्पडेस्कवरचा लाल आकडा चढत गेला तो त्यांच्यामुळं. दुष्काळामुळं नाही, टँकरमुळं नाही, आणि माझ्यामुळं तर अजिबात नाही.

लाल आकडा म्हणजे काय, ते सांगतो. चिकलठाण्यात एका बंद वर्कशॉपच्या वर आमचं ऑफिस. शहर या बाजूला असं सुटलेलं, की बिल्डिंगा आधी आणि पाइपलाइन 'येणार आहे'. त्यात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. या सगळ्या भागाला टँकर पुरवायचं काम आमच्या शेठकडं. पाणी आलं नाही की लोक फोन करणार, आम्ही कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवणार. तिला तिकीट म्हणायचं. टँकर जाऊन आला की तिकीट बंद. त्याच घरातून तीच तक्रार परत आली, की सॉफ्टवेअर ते तिकीट लाल करतं. शेठला काम देणारे वरचे साहेब महिन्याच्या शेवटी फक्त लाल मोजायचे. लाल वाढलं, की शेठ सुपरवायझरकडं बघायचा.

सुपरवायझर म्हणजे बोर्डे सर. केस पिकलेले, आधीची कंपनी बंद पडलेली. ही खुर्ची गेली तर या वयात दुसरी मिळणार नाही, हे ऑफिसातल्या पंख्यालाही माहीत होतं. सरांना माहीत होतं की नाही, देव जाणे. वागत तरी तसे नव्हते.

असल्या ऑफिसातले किस्से लाल तिकिटांसारखेच असतात. एक सांगून संपवला, की तिथूनच दुसरा उघडतो!

*

टँकर जाऊन आला की घरी फोन करून खात्री करायची पद्धत होती. "पाणी आलं का?" "आलं." तिकीट बंद. दुसऱ्या सकाळी तेच घर, "अहो, पाणी कुठंय?" लाल!

सरांनी यावर चांगला आठवडाभर विचार केला आणि मला बोलावलं.

"विक्या, लोक 'आलं' म्हणतात ते फोन ठेवायला. गॅसवर दूध असतंय, नायतर टँकरचा ड्रायव्हरच शेजारी उभा असतोय. पाण्याचं विचारायचंच नाय."

"मग काय विचारायचं, सर? तब्येत?"

"दोरीवर धुणं पडलं का, ते विचारायचं. आपल्याकडं बाई पहिलं प्यायचं भरती, मग सैपाकाचं, मग भांड्याचं. पाणी धुण्यापर्यंत पोचलं, म्हंजे घरात पोचलं."

पहिल्याच दिवशी हा प्रश्न गेला मुकुंदवाडीतल्या एका रिटायर्ड गृहस्थांकडं. ते जे भडकले! "माझ्या घरातल्या धुण्याशी तुमचा संबंध काय?" लगेच दुसरा फोन करून त्यांनी तक्रार नोंदवली : 'तुमचा माणूस घरातल्या बायकांच्या कपड्यांची चौकशी करतो.' ती लिहून घेताना माझ्या शेजारी बसणारी तरन्नुम आपा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

विषय नाजूक, म्हणून माफी मागायला सरांनी स्वतः फोन लावला. लई अदबीनं बोलले. "साहेब, गैरसमज झाला. आपण वडीलधारे. माफी असावी." तिकडचाही राग उतरला. "ठीक आहे, ठीक आहे. पुन्हा असं होऊ देऊ नका."

"मेहरबानी, साहेब," सर म्हणाले. "बाकी, धुणं पडलं ना दोरीवर?"

तिकीट लाल झालं.

*

विमानतळाच्या बाजूला एक नवा टॉवर आहे. त्याचे चेअरमन मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. अशा लोकांसाठी सरकारनं खरंच काहीतरी योजना काढायला पाहिजे, नाहीतर ते सोसायटीचे चेअरमन होतात. यांचा रोज फोन. "पाणी कमी आलं. मी वर लिहीन. मी कोण होतो, तुम्हाला माहीत नाही."

एक दिवस सर मला स्कूटरवर बसवून तिकडं घेऊन गेले. बघतो तर चेअरमनसाहेब पार्किंगमध्ये हातात नळी धरून उभे, आणि पांढरी गाडी नवरीसारखी न्हाऊन निघतेय. तिच्या चाकाखालून वाहणारं पाणी बघून माझं डोकं फिरलं. मुकुंदवाडीत लोक हंड्यासाठी भांडत होते. मी दोन पावलं पुढं टाकली, तर सरांनी मागून माझा शर्ट धरला.

"गाडी झकास आहे, साहेब," सर म्हणाले. "रोज धुता?"

"मग! धूळ किती आहे बघताय ना."

"बघतोय ना," म्हणाले आणि मला घेऊन परत आले. मी रस्ताभर त्यांना बोलत होतो. तुमच्यासारखे मान खाली घालणारे म्हातारे आहेत, म्हणून असले म्हातारे माजतात, वगैरे. सर खड्डे चुकवत स्कूटर चालवत होते.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली. टँकर गेला. सरांनी फोन लावला.

"साहेब, पाण्याचं विचारत नाय. गाडीची आंघोळ झाली का?"

"हो, आत्ताच झाली."

"झालं तर मग!" तिकीट बंद. असं रोज चाललं. चेअरमनना उलगडा व्हायला बरेच दिवस लागले. झाल्यावर त्यांनी थेट शेठला गाठलं, "तो सुपरवायझर बदला." शेठनं सरांना केबिनमध्ये घेऊन असं झाडलं, की आवाज खाली रस्त्यावर गेला.

सर बाहेर आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"एवढ्या महिन्यांत आज पहिल्यांदाच त्यांचं तिकीट लाल झालं नाय बघ, विक्या. तक्रार शेठकडं गेली ना."

*

सरांना कॉम्प्युटर येत नव्हता. एका बोटानं टाइप करायचे, आणि ते बोटही आधी विचार करून मग खाली यायचं. पण एक गोष्ट त्यांना फार आवडली होती. टाकी धुणं, मोटार तपासणं असल्या नेहमीच्या कामांसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एकदा भरून ठेवायचं, की ठरलेल्या वारी तिकीट आपोआप उघडतं.

"आपोआप?"

"आपोआप, सर."

"आपण इसरलो तरी?"

"विसरलो तरी."

सरांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

पुढच्या सोमवारी तरन्नुम आपाच्या नावावर तिकीट उघडलं : 'अम्मीच्या डोळ्यांचे थेंब संपत आले असतील.' सरांच्या स्वतःच्या नावावर : 'बीपीची गोळी घेतली का.' आणि माझ्या नावावर : 'विकास यांनी परीक्षेचा फॉर्म भरलेला नाही. तातडीचे.'

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला, ते सांगत बसत नाही. फळ्याकडं तोंड करून जन्मभर तीच वही वाचणारे मास्तर होते, आणि सोयगावकडं गावात बसून 'आमच्या टायमाला' म्हणून सुरू होणारा बाप होता. त्याला माझी ब्रँच कोणती, ते आजही सांगता येणार नाही. तेव्हा या विषयावर मला कुणाचं ऐकायचं नव्हतं. मी तिकिटावर लिहिलं, 'भरणार नाही', आणि बंद केलं. पुढच्या सोमवारी परत उघडलं. परत बंद. परत उघडलं. सॉफ्टवेअरला वाटलं, या माणसाची तक्रार कुणी सोडवतच नाही. त्यानं ते लाल केलं.

महिन्याच्या मीटिंगला शेठ लाल तिकिटांची नावं वाचत होता. वाचता वाचता थांबला.

"ये विकास कौन है? हर हफ्ते तक्रार कर रहा है! अरे, त्याच्याकडं एक टँकर पाठवून द्या ना यार!"

सर छताकडं बघत होते.

तरन्नुम आपा म्हणाली, "भेज दो, शेठ. डूबने दो इसकू."

ते तिकीट अजून दर सोमवारी येतं. कायमचं बंद कसं करायचं, ते मला माहीत आहे.

*

आता सोजरबाई. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं एक गल्ली आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद. टँकर तोंडाशीच थांबतो. त्याचा पाइप अर्ध्या गल्लीपर्यंत पोचतो. तिथपर्यंतचे ड्रम भरतात, ड्रायव्हर 'पाणी दिले' म्हणून निघून जातो, आणि मागची घरं कोरडी ती कोरडीच. आमच्या लाल आकड्यातला सगळ्यात मोठा वाटा या एका गल्लीचा. शेवटचं घर सोजरबाईचं. एके काळी त्यांची मेंढरं होती. ती विकून सगळे शहरात आले, आणि आता मुलगा त्याच नव्या टॉवरांच्या स्लॅबवर राबतो.

आजींचा फोन रोज सकाळी. पण तक्रार शेवटी. आधी सगळ्यांची विचारपूस. पहिल्यांदा मी फोन उचलला तेव्हा म्हणाल्या, "कोण रं तू? आवाज सोयगावकडचा वाटतोय."

"व्हय, आजी. तिकडचाच."

"मंग एवढा चिडून का बोलतोस? तुज्या घरी बी पाणी नाय व्हय?"

रमजानमध्ये एकदा तरन्नुम आपानं फोन घेतला. आजींनी विचारलं, "जेवलीस का बाई?" आपा म्हणाली, "नाही नानी, रोजा आहे."

"पाणी बी नाय?"

"पाणी भी नहीं."

आजी म्हणाल्या, "मंग तू बोलू नगस. घसा सुकंल. माजं ऱ्हाऊ दे आज." आणि फोन ठेवून दिला!

दुपारी सर म्हणाले, "आज सोजरबाईचा फोन नाय?" आपानं सांगितलं काय झालं ते. सरांनी एका बोटानं आजींच्या वतीनं स्वतःच तक्रार लिहिली. ड्रायव्हरच्या मागं लागले, कुठून तरी दुसरा पाइप आणून पहिल्याला जोडायला लावला, आणि त्या दिवशी पाणी गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. तो जोडपाइप दुसऱ्या दिवशी ज्याचा त्यानं परत नेला, ते वेगळं.

संध्याकाळी आजींचा फोन. आवाज घाबरलेला.

"आवो साहेब, मी तर आज तक्रार केलीच नव्हती, मंग टँकर कसा आला? चुकून आला व्हय? परत न्यायचा आसंल तर न्या बाबा. निम्मं वापारलंय."

*

मग शेठचा हुकूम आला. या महिन्यात लाल निम्म्यावर आलं नाही, तर सुपरवायझर नवा. वरच्यांनी तसं सांगितलंय, म्हणाला. हे सांगताना तो सरांकडं बघत नव्हता. पण उपायही त्यानंच आणला होता. सॉफ्टवेअरमध्ये एकसारखी तिकिटं एकत्र करायचं बटण आहे. गल्ली एक, तक्रार एक, मग तिकीटही एकच करायचं. सोजरबाईच्या गल्लीची तेवढी सगळी लाल तिकिटं एकात घातली, की आकडा धाडकन खाली येत होता.

"एक बटन, बोर्डे. बस."

सरांनी विचारलं, "आणि पुढच्या घरी पाणी आलं, की ते तिकीट बंद?"

"हां."

"मागच्यांचं काय?"

"मागचे फोन करतील ना."

"त्यांचा फोन त्याच तिकिटात जाणार, शेठ. ते तर बंद झालेलं."

शेठनं घड्याळ बघितलं. सर म्हणाले, "नाय जमायचं."

शेठ गेल्यावर मी सरांवर तुटून पडलो. कुणी तरी बोलायला हवंच होतं. "सर, तुमच्या पिढीला हट्ट म्हणजे तत्त्व वाटतं. आजी तशाही कोरड्याच राहणार आहेत. बटण दाबलं काय, नाही दाबलं काय! घरी बसाल तेव्हा कळेल."

"बसलोय की मी आधी," सर म्हणाले. "कंपनी बंद झाली, तवा घरी सांगितलंच नाय. रोज सकाळी डबा घ्यायचा, निघायचं, आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकड्यावर बसायचं. डबा कवा उघडायचा, ते बी कळायचं नाय. भोंगाच नाय ना."

"मग घरी कळलं कधी?"

"मला वाटत होतं, कळलंच नाय. लई दिवसांनी मी बायकोला इचारलं, हल्ली डब्यात एक भाकर जास्त का टाकतीस? म्हणली, बसून बसून भूक जास्ती लागती."

*

महिना संपत आला. सरांचा खोकला वाढला होता, आवाज बसला होता. सोजरबाईंनी आपाला विचारलं, "तुमचा साहेब आसा का बोलतोय? घरी काय झालं का?" आपाच्या पोटात काही राहत नाही. तिनं सांगून टाकलं, "नौकरी जा रही उनकी, नानी. तुम्हारी गल्ली की तक्रार बंद होती नहीं ना, इसलिए."

"आसं व्हय," आजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तक्रार न करता, विचारपूस न करता फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी टँकर गल्लीत जाऊन आला. सर फोन घेऊन बसले. मागच्या अर्ध्या गल्लीतलं पहिलं घर : "दोरीवर धुणं पडलं का?" "पडलं, साहेब!" दुसरं घर. "पडलं, साहेब!" तिसरं, चौथं, सगळी घरं. शेवटी सोजरबाई. "पडलं की, साहेब! लई पडलं!"

मी टेबलावर हात आपटला. "दाबा, सर! बंद करा सगळी! सुटलात!"

सरांचं बोट हवेतच राहिलं.

"सगळी एका सुरात कशी बोलतात रं?"

"सर, तुमचाच नियम आहे. धुणं पडलं म्हणजे पाणी पोचलं. आता तुम्हीच नाही म्हणणार?"

त्यांनी पुन्हा फोन उचलला. "आजी, दुपारी येऊन बघतो जरा."

"या की!" आजी म्हणाल्या.

ऑफिसात डबे खाल्ले आणि निघालो. भर उन्हात गल्लीत शिरलो, आणि मी बघतच राहिलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर नुसते रंग! अशी भरलेली गल्ली मी या दोन वर्षांत बघितली नव्हती. हिरवं, जांभळं, मोतिया, जरीचे काठ. लोक आपापल्या दारात उभे. पोरं एका रांगेत, जशी शाळेत साहेब येणार म्हणून उभी करतात तशी.

"बघा, सर," मी म्हणालो. "आता तरी."

सर दोरीखालून चालत होते. एका साडीला हात लावला. घडीच्या रेघा तशाच होत्या, चौकोन चौकोन. पुढं एक शालू होता. वाऱ्यानं तो हलला, तेव्हा डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. त्याच्या पुढं एका लहान पोरीचा गॅदरिंगचा फ्रॉक, टिकल्यांचा. आणि शेवटच्या दोरीवर, त्या उन्हात, एका नवरदेवाचा कोट. लोकरीचा. खिशाला लग्नातलं कागदी फूल तसंच टाचलेलं.

कोटाच्या पलीकडं सोजरबाई उभ्या होत्या. अंगावर रोजचं विरलेलं लुगडं. नेसायचं चांगलं होतं ते दोरीवर.

सर कोटाकडं बघून म्हणाले, "आजी, हा बी धुतला?"

आजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "तुमी येणार म्हणलात. साहेबाफुडं रोजचं फाटकं कसं टांगायचं?"

दारातला ड्रम उलटा घातलेला होता. आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बसा. च्या टाकते."

"नको, आजी," सर म्हणाले. "आज उपास आहे. च्या बी चालत नाय."

तासाभरापूर्वी माझ्यासमोर त्यांनी दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला होता.

ऑफिसात आल्यावर सर सरळ कॉम्प्युटरपाशी बसले. एका बोटानं, एकेक तिकीट उघडून, प्रत्येक घरापुढं शेरा लिहिला : 'पाणी पोहोचले नाही.' मी आणि आपा मागं उभे होतो. आपा डोळे पुसत होती. मला इतका राग आला होता, की मला तिथून जायचं होतं, पण गेलो नाही. गल्लीतली सगळी तिकिटं लाल झाली. शेवटचं सोजरबाईंचं. तिथं एक ओळ झाल्यावर बोट परत खाली आलं :

'पाणी पोहोचले नाही. कपडे फार चांगले आहेत.'

महिनाअखेरीला सरांची नोकरी गेली.